कशावरून?

काही वर्षांपूर्वी इतिहासाच्या तासाला सातवीतील एका मुलाने विचारले, “सर, तिथे न जाता तारे कशाचे बनलेत हे कसं कळलं?” ‘हे विज्ञानाच्या तासाला विचार,’ असे सांगून मी त्याला खाली बसवले. वर्षभर तो पुन्हा प्रश्न विचारावयास उभा राहिला नाही. त्याचा प्रश्न इतिहासाचाच होता, हे मला उशिरा उमगले.

मेघनाद साहा १८९३ साली ढाक्याजवळील खेड्यात एका गरीब दुकानदाराच्या घरी जन्मले. कलकत्त्यात शिकताना वसतिगृहातील सवर्ण विद्यार्थ्यांनी जातीमुळे त्यांना आपल्या पंक्तीस बसू दिले नाही. त्याच साहांनी १९२० मध्ये एक समीकरण मांडले. ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा केवळ मूलद्रव्याच्या प्रमाणावर नव्हे, तर तापमानामुळे अणूंतून निसटणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरही अवलंबून असतात, हे त्यातून उलगडले.

त्याच समीकरणाच्या आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात दाखवले, की तारे मुख्यतः हायड्रोजन व हेलियम यांचे बनले आहेत. स्त्रियांना पदवी न देणारे केंब्रिज सोडून त्या अमेरिकेत हार्वर्डला आल्या होत्या. सूर्याची घडण पृथ्वीसारखीच आहे, असा तेव्हा विद्वानांचा समज होता. हेन्री नॉरिस रसेल या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी पेन यांचा निष्कर्ष अशक्य ठरवला आणि पेन यांना आपल्याच प्रबंधात तो बहुधा खरा नसावा, असे लिहावे लागले. १९२९ मध्ये स्वतः रसेल वेगळ्या मार्गाने तेथेच पोहोचले व त्यांनी तो मान्य केला.

पुराव्यापुढे अधिकाराला वाकावे लागते, हे विज्ञानाचे मोठेपण होय. परंतु मधली चार वर्षे सत्य दबून राहिले, तेही विसरता कामा नये. पंक्तीतून दूर ठेवलेला एक तरुण आणि पदवी नाकारलेली एक तरुणी यांच्यामुळे माणसाला ताऱ्यांची घडण कळली. आपली पाठ्यपुस्तके मात्र केवळ निष्कर्ष सांगतात, आणि मुले तो पाठ करतात. कारण न विचारता केलेले असे पाठांतर हा ग्रंथप्रामाण्याचाच नवा अवतार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवासी शाळेला रात्रीचे आकाश विनामूल्य लाभलेले आहे. महिन्यातून एका रात्री मैदानावरचे दिवे मालवावेत, मुलांना आकाशाखाली बसवावे आणि शिक्षकांच्या प्रत्येक विधानावर ‘कशावरून?’ असे विचारण्याची त्यांना मुभा द्यावी. उत्तर ठाऊक नसेल तेथे शिक्षकांनी तसे मोकळेपणाने सांगावे. सुरुवात माझ्यापासून व्हावी. त्या मुलाचे एक उत्तर माझ्याकडे अजून बाकी आहे.