नागावच्या पुळणीचा शेवटचा इशारा

अलिबागजवळच्या नागावच्या पुळणीवर गाडी उतरवायची नाही. हे साधं वाक्य आजवर हात जोडून सांगितलं, फलकावर रंगवून सांगितलं, पार्किंग दाखवून सांगितलं. आता इशारा देतो आहे. मुदत 26 जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत.

ओहोटीला वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक दिसते आणि तिथेच घात होतो. सुरूच्या बनातून गाडी सुसाट निघते, गरागरा वळणं घेते, कोणीतरी टपावर बसून व्हिडिओ काढतं. पाण्याच्या कडेची ओली वाळू खालून मऊ असते. चाक रुततं, ॲक्सिलरेटर दाबावा तसतसं आणखी खोल जातं आणि गाडी पोटावर टेकते. तोवर भरती सुरू झालेली असते. मग गावातल्या ट्रॅक्टरला हाका, दोरखंड, आरडाओरडा. गाडी निघाली तरी तिच्या पोटातलं ऑइल लाटेबरोबर किनाऱ्यावर पसरतं. त्याच पट्ट्यात पोरं वाळूचे किल्ले करतात, त्याच वाळूत खेकड्यांची बिळं असतात. टायर फिरला की बीळ मिटतं आणि आतला जीव आतच चिरडला जातो. उद्या त्या टायरखाली एखादं पोर आलं, तर कोणाच्या दारात जाऊन रडायचं?

पिऊन गाडी चालवणाऱ्यांना वेगळं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे. यापुढे गाडीचा नंबर टिपला जाईल, फोटो काढला जाईल आणि तक्रार थेट पोलिसांत जाईल. गावात आणून समजूत घालण्याचे दिवस संपले. पाण्यात उतरतानाही समुद्राची कोणी परीक्षा पाहू नये. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता. म्हणून गावातला माणूस ‘पुढे जाऊ नका’ म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, मागे फिरा. प्लास्टिकचं तर सांगायलाच नको. राज्यात 2018 पासून ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. दंड पहिल्या वेळी 5 हजार, दुसऱ्या वेळी 10 हजार, तिसऱ्यांदा 25 हजार आणि तीन महिने कैद. प्रशासनाने तो लागू करावा, एवढंच मागणं आहे.

आता नागावकरांनो, तुमच्याकडे वळतो. पाहुण्यांवर खापर फोडून आपण हात झटकू शकत नाही. पाहुण्यांना खोल्या देताना गेटातून ‘गाडी सरळ बीचवर जाते’ असं सांगणारे आपणच आहोत. आणि त्याहून मोठं पाप वाडीत चाललं आहे.

अष्टागरातली आपली ही नारळी-पोफळीची वाडी उभी आहे ती वाळूखालच्या गोड्या पाण्यावर. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर थरासारखं तरंगतं. भूजलाचं गणित कडक आहे: गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, की कालांतराने खारं पाणी साधारण 40 फूट वर सरकू शकतं. रहाटाने हे कधी घडलं नाही, कारण विहिरीला दम घ्यायला वेळ मिळत होता. आज एकेका वाडीत बोअर, त्यावर मोटर, आणि मोटरीच्या पाण्याने भरलेला स्विमिंग पूल. समुद्र पन्नास पावलांवर असताना पाहुण्याला पूल कशाला हवा? शेजारच्याने बांधला म्हणून आपण बांधला, दुसरं कारण नाही. तीच गत सांडपाण्याची: शोषखड्डा विहिरीच्या जवळ असेल, तर वाळूतून त्यातलं घाण पाणी कुठे जातं हे कोणी शिकवायला नको.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर लावलेल्या पोफळी आत्ता कुठे धरू लागल्या आहेत, कारण सुपारीला फळ यायला पाच-सात वर्षं लागतात. वादळातून सावरलेली पोफळ खाऱ्या विहिरीतून सावरणार नाही. शेंडा पिवळा पडतो, झाड जागेवर वाळतं. वाडी गेली की सावली गेली, आणि सावली गेल्यावर इथे राहायला कोण येणार?

किनारे बंद करता येतात, हे ध्यानात ठेवा. फिलिपिन्सचं बोराकाय बेट सांडपाण्यामुळे एप्रिल 2018 मध्ये सहा महिने पर्यटकांना बंद केलं. थायलंडची माया बे जून 2018 ते जानेवारी 2022 बंद होती. आज माया बेला जाणारी मराठी कुटुंबं पाण्यात पोहायला न उतरता निमूट किनाऱ्यावरून परततात. तिथे पाळता येतं ते नागावला पाळता येत नाही, ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही.

म्हणून 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी पुढचा ठराव मांडणार. पुळणीकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर गाडी अडवणारे खांब बसवावेत. ज्या घराच्या पाहुण्यांची गाडी पुळणीवर सापडेल, त्या घराला खोल्या भाड्याने देण्याचा ना-हरकत दाखला पुन्हा देऊ नये. बोअरच्या पाण्याने पूल भरणं बंद करावं. हे तोवर आपणहून सुरू झालं, तर मला बोलावं लागणार नाही. झालं नाही, तर एक पूर्ण हंगाम नागावचा किनारा गाड्यांना आणि पाण्यातल्या खेळांना बंद ठेवावा, असा अर्ज मी सह्या गोळा करून जिल्हाधिकाऱ्यांकडे देईन. त्या हंगामात माझ्याही घरच्या दोन खोल्या रिकाम्या राहतील. ते नुकसान मी सोसायला तयार आहे. तुम्ही आहात का, ते ग्रामसभेला येऊन सांगा.