वस्त्रांचे दप्तर

मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत जामदारखान्याला, म्हणजे वस्त्रभांडाराला, स्वतंत्र स्थान होते. त्याच महाराष्ट्रात आज वस्तुसंग्रहालयातील जुन्या वस्त्रांची नोंद करण्याची विद्या शिकू पाहणाऱ्या विद्यार्थिनीचे काम सुशिक्षितांनाही निव्वळ कारकुनी वाटावे, ही गोष्ट मनाला विषण्ण करणारी आहे.

एखादा अंगरखा तिच्यापुढे येतो, तेव्हा हातातील बांगड्या-अंगठ्या उतरवून, तो स्वच्छ मेजावर पसरून, ती त्याची लांबी व घेर मोजते, बंद कोणत्या कुशीला आहेत, कळ्या किती, अस्तर कशाचे, हे टिपते आणि भिंगाखाली इंचभर कापडातील ताण्याबाण्याचे धागे मोजते. शिवण हातची की यंत्राची, हा प्रश्न तर फारच महत्त्वाचा. कारण शिलाईयंत्राचा आपल्याकडील प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला असल्यामुळे, मूळ सांधेच यंत्राने शिवलेले आढळले, तर ते वस्त्र पेशवाईतील असल्याची घराण्यातील समजूत, ती कितीही आदराने जपलेली असो, ग्राह्य धरता येत नाही. रंगाचेही तसेच. विल्यम पर्किन याने पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ साली शोधला, तेव्हा तसल्या रंगात रंगविलेले सूत त्यापूर्वीचे असूच शकत नाही. अर्थात, मागाहून केलेल्या दुरुस्तीवरून मूळ वस्त्राचा काळ ठरविण्याची घाई करावयाची नाही, हा विवेकही तिला शिकावा लागतो. शेवटी दाखल क्रमांक वस्त्रावर न लिहिता सुती फितीवर लिहून, ती फीत आतल्या बाजूस सैल टाक्यांनी जोडावयाची.

वस्त्र धुऊन लखलखीत करण्याचा मोह मात्र सर्वथा टाळला पाहिजे. मानेजवळचा घामाचा डाग, कोपरावरचे ठिगळ, बगलेत पट्टी घालून सैल केलेली चोळी, हे सारे त्या वस्त्राचे दोष नसून ते कोणी, किती काळ आणि कोणत्या परिस्थितीत अंगावर वागविले याचे दाखले आहेत. श्रीमंतांच्या घरचीही सारीच वस्त्रे वाचली असे नाही. कलाबुतीतील चांदीसाठी कितीतरी जुनी भरजरी लुगडी जाळली गेली. कष्टकऱ्यांची वस्त्रे तर विरेपर्यंत वापरली जात आणि विरल्यावर गोधडीच्या थरांत जात. म्हणूनच गोधडी नोंदविताना 'एक गोधडी, जीर्ण' एवढ्यावर भागविणे मला अक्षम्य वाटते. तिच्या प्रत्येक थरातील काठ, पोत व रंग यांचा स्वतंत्र तपशील लिहिला पाहिजे, कारण ज्या स्त्रियांचे नाव कोणत्याही दप्तरात नाही, त्यांच्या लुगड्यांचा तोच एक अवशिष्ट पुरावा आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी नित्य व्यवहारातील वस्तू ज्या निष्ठेने जमविल्या, ती निष्ठा नोंदवहीतही उतरली पाहिजे.

त्यासाठी काही तजवीज तातडीने व्हावी. वस्त्र देणगीदाखल येईल त्याच दिवशी, देणाऱ्याच्या तोंडून ते कोणाचे, कोणत्या प्रसंगीचे आणि कोणत्या गावचे, हे सविस्तर लिहून घेण्याचा शिरस्ता प्रत्येक संग्रहालयाने पाडावा. घरातील वडीलधारी माणसे गेल्यावर ही माहिती कोणत्याही भिंगाखाली सापडणार नाही. आणि शासनाने, अशा रीतीने तयार झालेल्या विद्यार्थ्यांना तात्पुरत्या मानधनावर राबवून निरोप देण्याऐवजी, वस्त्रसंग्रह असलेल्या प्रत्येक शासकीय संग्रहालयात नोंदणीकाराची कायम जागा मंजूर करावी.