तू बस घरीच, आम्ही फोटो पाठवतो!

मंडळी, यवतमाळची नवरात्र ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. कोलकात्यानंतर दुर्गोत्सव आमचाच, असं आम्ही यवतमाळकर छाती फुगवून सांगतो (पुणेकरांनी हसू नये!). रात्री जेवणं आटोपली की अख्खं गाव देवी बघायला रस्त्यावर. पंधरा-सोळाव्या वर्षी घरच्यांशिवाय, दोस्तांबरोबर उशिरापर्यंत फिरायची परवानगी मिळते ती याच दिवसांत.

आता त्याच वयाचा, कॅलिपर लावून चालणारा किंवा व्हीलचेअरवरचा मुलगा घ्या. वर्गात तो असतो, डबा सगळ्यांबरोबर खातो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोक टाकतो. पण प्लॅन ठरला की, "तुले तरास होईन ना बे, तू बस घरीच. आम्ही फोटो पाठवतो." बोलणारा वाईट नसतो हो, त्याला खरंच काळजी असते. पण निर्णय झाला, आणि ज्याच्याबद्दल झाला त्याला कुणी विचारलंच नाही! मुलगी असेल तर दोस्तांपर्यंत गोष्ट जातच नाही, घरचेच आधी नाही म्हणतात.

कागदावर सगळं छान आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना २०१६ च्या कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. त्याचं २९ वं कलम तर चक्क संस्कृती आणि करमणुकीबद्दल आहे. एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत आहे. पण दारव्ह्याहून, घाटंजीहून यवतमाळला यायचं तर एसटीची ती उंच पायरी चढावी लागतेच ना? सवलतीने तिकीट कमी होतं, पायरी नाही.

नसीमा हुरजूक ऐन सोळा-सतराव्या वर्षी व्हीलचेअरवर आल्या. पुढे १९८४ मध्ये त्यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. तिथल्या वसतिगृहात मुलांना शिक्षण मिळतंच, पण भांडायला-चिडवायला बरोबरीची पोरंही मिळतात. मला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं. फक्त त्यासाठी गाव सोडावं लागू नये.

आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा मुलांना 'एज केस' म्हणून मोकळे होऊ. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्ती २९ लाखांच्या वर होत्या. याला एज केस म्हणतात?

एवढे प्रचंड देखावे उभारणाऱ्या मंडळांना फळ्यांचा एक उतार जड नाही. आणि दोस्तांनो, दहाऐवजी तीनच देवी बघा, पण त्याला घेऊन बघा. निदान विचारा तरी. नको असेल तर तो सांगेल की... तोंड आहे त्याला!