पर्याय असणे आणि पर्याय टिकणे

जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांची पहिली नमुना यादी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. बाजारात हजारो औषधे असताना मोजकीच का निवडायची, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तरही साधे आहे. औषधे मोजकी असली की साठा नीट राहतो, मात्रा चुकण्याची शक्यता कमी होते आणि कर्मचाऱ्यांचा हात बसतो. या यादीत काही नावांआधी एक छोटा चौकोन छापलेला असतो. त्याच गटातले दुसरे औषधही निवडता येईल, असा त्याचा अर्थ. एक नाव सुचवायचे, पण दार बंद करायचे नाही, हे शहाणपण त्या चौकोनात आहे.

संगणकाच्या जगात लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवरून नेमका हाच वाद बरीच वर्षे चालला. अनेक रुग्णालयांचे सर्व्हर आणि प्रयोगशाळांतले संगणक लिनक्सवर चालतात, त्यामुळे तो फक्त तंत्रज्ञांचा वाद नाही.

लिनक्स सुरू होताना तिचा गाभा सर्वांत आधी एकच प्रोग्राम चालू करतो. त्याचा क्रमांक १. नेटवर्क, छपाई, माहितीसाठा या सेवा पुढे त्याच्यामार्फत सुरू होतात. तो कोलमडला तर सगळी यंत्रणाच थांबते. पूर्वी हे काम बहुतेक ठिकाणी ‘सिसव्ही इनिट’कडे असे. साध्या मजकुरात लिहिलेल्या छोट्या आज्ञावल्या ते क्रमाने चालवी. २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ‘सिस्टमडी’ आणले. ते अनेक सेवा एकाच वेळी सुरू करते, त्यांच्यावर लक्ष ठेवते आणि तशी सूचना दिलेली असेल तर बंद पडलेली सेवा पुन्हा उभी करते. मध्यरात्री प्रयोगशाळेचा सर्व्हर अडला तर हा गुण मोलाचा ठरतो. आक्षेपही पोकळ नव्हते. त्याची नोंदवही साध्या मजकुरात नसते, ती वाचायला खास साधन लागते. शिवाय लॉगिनपासून उपकरणांच्या व्यवस्थेपर्यंत अनेक कामे एकाच प्रकल्पात गोळा झाली.

वाद सर्वांत तापला तो डेबियनमध्ये. १९९३ मध्ये सुरू झालेला हा स्वयंसेवकांचा प्रकल्प. उबुंटू त्याच्यावर बेतलेली आहे आणि सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही. म्हणजे तिथला निर्णय इथल्या कचेऱ्यांपर्यंत येतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत ४ विरुद्ध ४ अशी मते पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. कोणत्याही सॉफ्टवेअरने एकाच विशिष्ट इनिटची सक्ती करू नये, असा ठराव त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्व सदस्यांच्या मतदानाला आला. तो मंजूर झाला नाही. नाराज मंडळींनी ‘डेव्हुआन’ ही वेगळी चूल मांडली. तिची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१७ मध्ये आली.

या सगळ्यात जुन्या पद्धतीवर कोणी बंदी घातली नव्हती. पण ग्नोमसारखा लोकप्रिय डेस्कटॉप सिस्टमडीच्या लॉगिन सेवेवर विसंबू लागला, आणि एक हवे असेल तर दुसरे घेणे भाग पडू लागले. औषधांच्या बाबतीतही असेच घडते. जुन्या, स्वस्त औषधावर बंदी नसते. मागणी नाही म्हणून दुकानदार ते ठेवत नाही आणि दुकानात नाही म्हणून डॉक्टर ते लिहीत नाहीत. कागदावर पर्याय शाबूत राहतो, रुग्णाच्या हाती मात्र पडत नाही.

म्हणूनच ‘पटत नसेल तर दुसरे वापरा’ हे उत्तर तोकडे आहे. डेबियनच्या १९९७ च्या सामाजिक करारात वापरकर्त्यांच्या हिताला अग्रक्रम दिला आहे, पण मतदानाचा हक्क प्रकल्पाच्या सदस्यांनाच आहे. दुसऱ्या बाजूने, ‘आम्हाला पर्याय हवा’ एवढी मागणीही पुरेशी नाही. प्रत्येक पर्यायाची चाचणी, दुरुस्ती आणि सुरक्षिततेची काळजी कोणाला तरी घ्यावी लागते, बहुधा विनामोबदला.

डिसेंबर २०१९ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी पुन्हा मतदान केले. भर सिस्टमडीवरच राहील, पण पर्याय शोधणाऱ्यांना वाव आणि साथ मिळेल, असा कौल लागला. सुरुवातीचा तो छोटा चौकोनच इथे पुन्हा दिसतो. बहुतेकांसाठी एकच प्रमाण पद्धत असावी, हे बरोबरच आहे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णासाठी दुसरे औषध कपाटात असावे, हेही तितकेच बरोबर आहे.

प्रश्न उरतो, ते कपाट भरलेले कोणी ठेवायचे? मुक्तस्रोत सॉफ्टवेअर परवाना शुल्काशिवाय मिळते म्हणून सार्वजनिक संस्था ते आनंदाने घेतात. वाचलेल्या पैशातला थोडा वाटा त्यांनी देखभालीकडे वळवायला हवा. सापडलेला दोष कळवणे, आपल्या एखाद्या तंत्रज्ञाला काही तास अशा प्रकल्पासाठी देणे, आणि प्रणाली घेतानाच ‘हा भाग उद्या बदलावा लागला तर काय?’ असे विचारणे, एवढे तर सहज जमेल. निवडीचे स्वातंत्र्य परवान्यात लिहिलेले असते. ते टिकते मात्र अशा कामावरच.