शिकाऊ पोरांना मिल उघडून दाखवा



"कारखान्यात आधीच माणसं जास्त, त्यात ही आयटीआयची शिकाऊ पोरं कशाला?" असा सवाल पारावर नेहमी निघतो. त्याचं उत्तर ऐन गळितात मिळतं. मिल बंद पडली की गव्हाणीपुढं गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, उतारा घसरतो. हा तोटा कुणाचा? तुमचा-आमचाच.

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे ३० वा अधिक कामगार असले, की अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावेच लागतात. पण कायद्याच्या धाकानं नव्हे, आपल्या हितासाठी घ्यावेत. जुने फिटर, पॅनमन निवृत्त होत चालले. त्यांच्या हातातलं कसब कागदावर उतरत नाही. शेजारी उभं राहूनच ते शिकावं लागतं.

आमची सूचना एवढीच : हंगाम संपून ओव्हरहॉलिंग सुरू होतं, तेव्हाच पोरं घ्यावीत. रोलर, टर्बाईन, पंप सगळं उघडं असतं. तीच खरी शाळा. एकेक पोरगा, पोरगीसुद्धा, एकेका जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली द्यावी. रोजचं काम वहीत लिहून घ्यावं. चहा आणायला आणि स्टोअरला हेलपाटे घालायला लावलं, तर विद्यावेतन पाण्यात गेलं समजा.

पुढं भरतीची वेळ आली, की कामाचा माणूस कोण ते वर्षभर डोळ्यांनी पाहिलेलं असेल. चिठ्ठीवरच्या भरतीपेक्षा हे केव्हाही बरं. संचालक मंडळानं याचा जरूर विचार करावा.

— एक ऊस उत्पादक सभासद