निवेदनं पुरे, आता परवानगीचा अर्ज करा!

सोलापुरात रस्ता, पाणी, गटार देतो म्हणून प्लॉट विकले जातात. बिडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या घरांतून हप्ते जातात. सुविधा मात्र येत नाहीत. मग आपण काय करतो? कलेक्टर कचेरीवर निवेदन, एक फोटो आणि घोषणा. विकणारा एकेकाला बोलावून गप्प करतो. एकेकटा माणूस फुटतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 35(1)(सी) नुसार एक किंवा काही ग्राहक, जिल्हा ग्राहक आयोगाची परवानगी घेऊन, समान हितसंबंध असलेल्या सर्वांच्या वतीने तक्रार करू शकतात. तिला दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 1 नियम 8 लागू होतो.

हा नियम आपल्याला नवा नाही. 12 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या काही सवर्णांनी तमाम सवर्णांच्या वतीने चवदार तळ्याचा दावा लावला. बाबासाहेब आणि सहकाऱ्यांना अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी केलं. बाबासाहेब तो खटला नऊ वर्षांहून अधिक काळ लढले आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकले. जे हत्यार आपल्यावर चालवलं गेलं, ते आपण का उचलत नाही?

काही जण म्हणतील, ‘पुढारी मध्येच सेटलमेंट करेल.’ उलट आहे! मोर्चातला पुढारी परस्पर मिटवू शकतो. इथे मात्र सर्व संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय तडजोड नोंदवता येत नाही, तक्रार मागेही घेता येत नाही.

पण नुसत्या सह्या गोळा करून भागणार नाही. 17 डिसेंबर 2021 च्या ब्रिगेड एंटरप्रायझेस निकालात 1134 सदनिकांच्या वतीने 51 सदनिकांचे 91 खरेदीदार आले होते. सर्वांचं हित समान कसं, हे तक्रारीत मांडलेलं नव्हतं. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती प्रातिनिधिक मानली नाही. फक्त त्यांच्यापुरती संयुक्त तक्रार चालू ठेवली.

म्हणून वस्तीत बसा. पावत्या, करार, जाहिरातीची पत्रकं एकत्र करा. सर्वांचं नुकसान एकच कसं आणि मागणी एकच कशी, ते लिहा. तक्रारीसोबत परवानगीचा अर्ज जोडा. मुदत 2 वर्षांची आहे. नोटिशीच्या खर्चासाठी जयंतीच्या वर्गणीतून वाटा काढा.

बाबासाहेबांनी ‘संघटित व्हा’ म्हटलं, ते फक्त मिरवणुकीपुरतं नव्हतं.

जय भीम!