गल्ल्यातले पैसे आणि वहीतले तास

सांगलीच्या हळद बाजारात तीन पिढ्यांची अडत असलेले एक घर उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. धाकट्या सूनबाईंनी साडेचार वर्षांचा बीपीटी अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, रुग्णालयात दोन वर्षे अनुभवही घेतला आहे. घराच्याच मालकीच्या एका रिकाम्या गाळ्यात त्यांचे फिजिओथेरपी क्लिनिक सुरू झाले. यंत्रे, खाटा आणि व्यायामाची साधने यांसाठी मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटातून पाच लाखांचे कर्ज काढले. त्या गटाची कमाल मर्यादाही तेवढीच आहे. ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी दरमहा सुमारे १०,९०० रुपयांचा हप्ता बसला.

दुसऱ्या वर्षी अक्षय्य तृतीयेला क्लिनिकने एक सवलत जाहीर केली. एका सिटिंगचे ४०० रुपये, परंतु दहा सिटिंगचे पैसे एकदम भरल्यास ३,५०० रुपये. ४० जणांनी पैसे भरले. गल्ल्यात १,४०,००० रुपये जमा झाले आणि सासऱ्यांच्या मुखावर हंगाम साधल्याचे समाधान उमटले.

“सूनबाई, विश्रामबागेत एक गाळा पाहून ठेवला आहे. या पैशांत डिपॉझिट देऊन टाकू. दुसरी शाखा दिवाळीपर्यंत उभी राहील.”

“अण्णा, हे पैसे अजून आपले झालेले नाहीत.”

“गल्ल्यात आले म्हणजे आपलेच की!”

“हळदीची आगाऊ रक्कम आली आणि माल द्यायचा राहिला, तर तुम्ही ती वहीत कोणत्या बाजूला धरता?”

अण्णा क्षणभर थांबले. उत्तर त्यांना ठाऊक होते. वयाच्या सतराव्या वर्षापासून ते अशी रक्कम देणे बाजूलाच लिहीत आले होते.

व्यापारी घराला सेवेचा व्यवसाय समजून घेताना जी अडचण येते, ती नेमकी येथे. हळद आज विकली गेली नाही तर उद्या विकता येते. भाव पडला तर वखारीत ठेवता येते. क्लिनिकचा माल म्हणजे तास. दुपारी तीनची खाट रिकामी गेली, तर तो तास कोणत्याही वखारीत साठवता येत नाही. एक फिजिओथेरपिस्ट दिवसाला आठ तास आणि प्रत्येक रुग्णाला पाऊण तास देईल, तर दहा रुग्ण होतात. महिन्याच्या २५ दिवसांत २५० सिटिंग. हा त्या क्लिनिकचा कमाल साठा होय. ४० जणांना विकलेल्या ४०० सिटिंग म्हणजे सूनबाईंच्या दीड महिन्याहून अधिक काळाचे संपूर्ण श्रम आगाऊ विकले गेले होते. पुढील काही महिने रुग्ण येत राहतील, हात दुखेपर्यंत काम होईल, वीजबिल आणि हप्ता ठरल्या दिवशी दारात उभे राहतील. गल्ल्यात मात्र नवा पैसा अल्पच पडेल. तो पैसा डिपॉझिटमध्ये अडकला, तर चालू शाखेचा खर्च भागवण्यासाठी आणखी सवलत जाहीर करावी लागेल. आगाऊ विक्रीवर शाखा वाढवणारे व्यवसाय बहुधा याच उतारावरून घसरतात.

त्या रात्री दोघांनी वही उघडली. महिन्याला सरासरी १७५ सिटिंग, म्हणजे ७०,००० रुपये. सहायिकेचा पगार १२,०००, वीज, चादरींची धुलाई, फोन मिळून ६,०००, हप्ता १०,९००. शिल्लक ४१,१००. अण्णांनी हाच नफा मानला होता. परंतु गाळ्याचे भाडे वहीत नव्हते, कारण गाळा घरचा. सूनबाईंचा पगार वहीत नव्हता, कारण सूनही घरचीच. तो गाळा दुसऱ्याला दिला असता तर १५,००० भाडे आले असते. ते वजा करता २६,१०० उरतात. त्यातून सूनबाईंना रुग्णालयात मिळत होता तेवढा पगार आणि यंत्रांचा घसारा बाजूला काढला, की दुसऱ्या शाखेसाठी काहीच उरत नाही. विश्रामबागेत भाडे रोख द्यावे लागणार होते आणि तेथे बसणाऱ्या फिजिओथेरपिस्टला पगारही. घरच्या श्रमाला शून्य किंमत धरण्याची आपल्या पेढ्यांची सवय जुनी आहे. तिच्यामुळे अनेक तोट्याचे धंदे वर्षानुवर्षे फायद्याचे भासतात.

करासंबंधीही गैरसमज असतो. क्लिनिकच्या उपचारसेवेवर जीएसटी नाही, म्हणून व्यापारी निश्चिंत होतो. परंतु सेवा करमुक्त असल्यामुळेच यंत्रखरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर यंत्राच्या किमतीतच धरावा लागतो.

याहून नाजूक प्रश्न पॅकेजच्या मुळाशीच होता. गोठलेल्या खांद्याला महिनोन्‌महिने लागतात. साध्या लचकेला कित्येकदा तीन-चार भेटी आणि घरी करायचे व्यायाम पुरतात. ज्याला चार पुरेत त्याला दहा विकणे म्हणजे काय? अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापाने देणे-घेणे हा दोष सांगितला आहे, हे अण्णांना सांगावे लागले नाही. सूनबाईंनी ४० जणांची यादी पुन्हा तपासली. अकरा जणांना निम्म्याहून कमी सिटिंग पुरणार होत्या. उरलेल्या सिटिंगचे पैसे परत करावेत की नाही, यावर घरात दोन दिवस बोलणे चालले. थोरल्या चिरंजिवांना ते मुळीच मान्य नव्हते. अखेर पैसे परत केले गेले.

डॉक्टरांना कमिशन देऊन रुग्ण मिळवण्याचा सल्लाही कोणीतरी दिला होता. रुग्ण पाठवल्याबद्दल असा वाटा घेण्यास डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारनियमांनी २००२ पासून स्पष्ट मनाई आहे. त्यावर उभा केलेला हिशेब एका तक्रारीत कोसळतो. सूनबाईंनी त्याऐवजी वहीत तीन रकाने आखले: जुन्या रुग्णाच्या सांगण्यावरून कोण आले, उपचार अर्धवट सोडून कोण गेले, आणि किती सिटिंग देणे बाकी आहे. तिसऱ्या रकान्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची आणि सिटिंग दिली की तेवढीच काढायची, असे ठरले.

आप्तांची विनामूल्य सेवा हाही एक प्रश्न होता. मावससासूंपासून अडतीतल्या मुनीमजींपर्यंत सर्वांना नकार देणे अशक्य. अण्णांनी मार्ग काढला: त्या सिटिंगचे पैसे ते स्वतः क्लिनिकला भरतील आणि आपल्या दानखात्यात लिहितील. पहिल्याच महिन्यात २३ सिटिंग निघाल्या. ९,२०० रुपये भरताना त्यांच्या कपाळावर आठी पडली, परंतु रक्कम भरली.

मग रिकाम्या दुपारीकडे लक्ष गेले. संध्याकाळी सहानंतर गर्दी, दोन ते पाच खाटा रिकाम्या. ज्या ज्येष्ठांना सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे असते, त्यांना संध्याकाळची वेळ सोयीची नसतेच. अनेकांची तक्रार एकच होती: सामायिकासाठी ४८ मिनिटे खाली बसवत नाही, बसले तर उठवत नाही. त्यांच्यासाठी दुपारी चारला सहा-सहा जणांचा व्यायामवर्ग सुरू झाला, प्रत्येकी १०० रुपये. एका तासाला ६०० रुपये, आणि यंत्राची वीजही नाही.

संध्याकाळच्या वेळा सलग सहा महिने भरलेल्या राहिल्या, तेव्हाच दुसरी फिजिओथेरपिस्ट पगारावर घेतली, त्याच गाळ्यात. गाळ्याचे १५,००० रुपये भाडे आता दरमहा अण्णांच्या खात्यात जमा होते. विश्रामबागेतला तो गाळा दरम्यान चष्म्याच्या दुकानाला गेला. अण्णा त्या रस्त्याने गेले की अजूनही एकदा मान वळवून पाहतात.